पोर्टल राज्याचे झाले, पण दार कोणासाठी?

एखादे सरकारी पोर्टल एका संगणक यंत्रणेवरून दुसऱ्या यंत्रणेवर नेणे, हा विषय वर्तमानपत्राच्या विचारांच्या पानावर कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. ही संगणकवाल्यांची बाब आहे, ती त्यांनी पाहावी, असे म्हणून आपण पान उलटतो. नेमकी इथेच सामान्य माणसाची फसगत होते. पूर्वी सरकारी योजनेपर्यंत पोहोचायचे तर तलाठी, ग्रामसेवक, कचेरीतला कारकून यांच्या टेबलावरून जावे लागे. आता ते टेबल संगणकाच्या पडद्यावर गेले आहे. टेबल बदलले, पण टेबलामागे कोण बसला आहे आणि समोर कोण ताटकळत उभा आहे, हा प्रश्न बदललेला नाही.

अमेरिकेतील अनेक राज्यांनी गेल्या काही वर्षांत आपला आरोग्य विमा बाजार केंद्र सरकारच्या पोर्टलवरून काढून स्वतःच्या पोर्टलवर नेला. नेवाडा, पेनसिल्व्हेनिया, न्यू जर्सी, केंटकी, मेन, न्यू मेक्सिको, व्हर्जिनिया, जॉर्जिया, इलिनॉय अशी ही रांग आहे. अमेरिकेचे आम्हाला काय, असे कोणी म्हणेल. परंतु महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला तो काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना. तिकडच्या वंचितांच्या सुखदुःखाशी आपले नाते तेव्हापासूनचे आहे. म्हणून पोर्टलच्या या हलवाहलवीत त्या माणसांचे काय झाले, हे आपण समजून घेतले पाहिजे.

बाजार उभा राहिला कसा?

अमेरिका हा श्रीमंत देश. पण तेथे आजारी पडणे गरिबाला परवडत नाही. मोठ्या कंपनीत नोकरी असेल तर मालक विमा काढतो. टॅक्सी चालवणारा, हॉटेलात भांडी घासणारी, शेतावर मजुरी करणारा, छोटा दुकानदार यांनी काय करायचे? खासगी विमा घ्यायला गेले तर कंपनी विचारायची, पूर्वी कोणता आजार होता? मधुमेह, हृदयविकार, कर्करोग असे काही निघाले की अर्ज नामंजूर, नाहीतर हप्ता दुप्पट. २३ मार्च २०१० रोजी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी ज्या कायद्यावर सही केली, त्याने ही मनमानी बंद करण्याचा मार्ग काढला. २०१४ पासून जुन्या आजाराच्या कारणाने विमा नाकारता येणार नाही, असे ठरले.

याच कायद्याने प्रत्येक राज्यात विम्याचा बाजार उभा करायला सांगितले. एका पोर्टलवर सगळ्या कंपन्यांच्या योजना मांडायच्या, माणसाने आपले उत्पन्न सांगायचे, उत्पन्नानुसार सरकारी अनुदान ठरायचे आणि ते थेट विमा कंपनीला जाऊन माणसाचा हप्ता कमी व्हायचा, अशी ही रचना आहे. हा बाजार राज्याने स्वतः चालवावा किंवा केंद्राच्या ‘हेल्थकेअर डॉट गव्ह’ या पोर्टलवर सोपवावा, अशी मुभा राज्यांना होती. पुढे तिसरी वाटही निघाली. कार्यालय आणि नाव राज्याचे, संगणक मात्र केंद्राचे.

१ ऑक्टोबर २०१३ रोजी केंद्राचे पोर्टल सुरू झाले आणि त्याच दिवशी कोसळले. लाखो लोकांनी प्रयत्न केला. पहिल्या दिवशी नोंदणी पूर्ण झाली ती अवघ्या सहा जणांची. पुढे अभियंत्यांचे पथक बसवून ते दुरुस्त करण्यात आले आणि पहिल्या हंगामाच्या अखेरीस देशभरात सुमारे ८० लाख लोकांनी विमा निवडला. काही राज्यांचे हाल याहून वाईट झाले. ओरेगॉनने ओरॅकल कंपनीच्या मदतीने स्वतःचे पोर्टल उभारायला घेतले. ते कधी धड चाललेच नाही. कागदी अर्ज भरून घेण्यासाठी शेकडो माणसे बसवावी लागली. अखेर २०१४ साली ओरेगॉनने केंद्राचे पोर्टल धरले. राज्य आणि कंपनी यांच्यातील कोर्टबाजी २०१६ साली दहा कोटी डॉलरच्या घरातील तडजोडीने मिटली. नेवाडानेही त्याच वर्षी झेरॉक्स कंपनीचे कंत्राट मोडले आणि केंद्राच्या दारात उभे राहणे पत्करले.

उलट केंटकी या डोंगराळ आणि गरीब राज्यात गव्हर्नर स्टीव्ह बेशियर यांनी उभारलेले ‘कायनेक्ट’ हे पोर्टल पहिल्या दिवसापासून चालले. सोबत त्यांनी मेडिकेड, म्हणजे गरिबांसाठीची सरकारी आरोग्य योजना, विस्तारली. २०१३ साली या राज्यात दर पाच प्रौढांमागे एक जण विम्याविना होता. दोनच वर्षांत हे प्रमाण निम्म्याखाली आले. गंमत म्हणजे तेथे ‘ओबामाकेअर’ला शिव्या घालणारे लोक ‘कायनेक्ट’ मात्र चांगले म्हणत. दोन्ही एकच आहेत, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. काळ्या राष्ट्राध्यक्षाचे नाव लागले की कडू, राज्याचे नाव लागले की गोड! मनातली उतरंड औषधाच्या बाटलीवरचे नावही वाचून घेते.

किल्ली वॉशिंग्टनच्या हाती

मग राज्यांना पुन्हा स्वतःचे पोर्टल का हवेसे वाटले? याचे उत्तर २०१७ सालात आहे. त्या वर्षी डोनाल्ड ट्रम्प सत्तेवर आले. त्यांना हा कायदाच रद्द करायचा होता. अमेरिकन संसदेत ते जमले नाही. तेव्हा कायदा तसाच ठेवून त्याचे दार अरुंद करण्यात आले. नोंदणीची मुदत ४५ दिवसांवर आणली. जाहिरातीचा निधी दहा कोटी डॉलरवरून एक कोटीवर आला. लोकांना अर्ज भरायला मदत करणारे नॅव्हिगेटर असतात. आपल्याकडे योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, काहीसे तसे. त्यांचा निधी सहा कोटी तीस लाख डॉलरवरून आधी तीन कोटी साठ लाखांवर आणि २०१८ साली एक कोटीवर आणला गेला.

कायद्याचे एक कलमही न बदलता गरिबाला कायद्यापासून कसे दूर ठेवता येते, याचा हा धडा आहे. मुदत कमी करा, माहिती देऊ नका, मदतीचा माणूस काढून घ्या. बाकीचे काम गरिबाची अडचण आपोआप करते. ज्या राज्यांचे पोर्टल स्वतःचे होते, त्यांना मात्र हे मुकाट्याने सोसावे लागले नाही. कॅलिफोर्नियाने आपली मुदत ३१ जानेवारीपर्यंत चालू ठेवली आणि जाहिरातही जोरात केली.

दुसरे कारण पैशाचे. केंद्राचे पोर्टल वापरण्याबद्दल विमा हप्त्याच्या साडेतीन टक्के शुल्क २०१९ पर्यंत कापले जाई. पेनसिल्व्हेनियाच्या सरकारने हिशेब मांडला. या शुल्कापोटी राज्यातून वर्षाला सुमारे नऊ कोटी ऐंशी लाख डॉलर वॉशिंग्टनला जातात. स्वतःचे पोर्टल तीन ते साडेतीन कोटींत चालेल. २ जुलै २०१९ रोजी गव्हर्नर टॉम वुल्फ यांनी कायद्यावर सही केली आणि २०२० च्या नोव्हेंबरात ‘पेनी’ हे पोर्टल सुरू झाले. वाचलेला पैसा राज्याच्या पुनर्विमा योजनेत घालायचे ठरले. मोठ्या आजारपणाच्या बिलांचा काही भार सरकार उचलते, त्यामुळे सगळ्यांचे हप्ते आटोक्यात राहतात, असे हे गणित आहे.

नेवाडाने तर एकदा तोंड पोळल्यावर पुन्हा हिंमत केली. २०१९ च्या नोव्हेंबरात ते केंद्राच्या पोर्टलवरून बाहेर पडले. चारच महिन्यांनी कोरोना आला. कॅसिनो आणि हॉटेलांवर जगणाऱ्या त्या राज्यात कामे बंद पडली. काम गेले की मालकाने काढलेला विमाही जातो. ट्रम्प सरकारने केंद्राच्या पोर्टलवर सर्वांसाठी खास नोंदणी उघडायला नकार दिला. नेवाडाने मात्र मार्च २०२० मध्येच आपले दार उघडले. पाच महिने आधी ही महासाथ आली असती तर नेवाडाला परवानगीची वाट पाहत बसावे लागले असते. स्वतःचे पोर्टल म्हणजे काय, हे त्या दिवसांत विम्याविना घरी बसलेल्या वेटरला आणि सफाई कामगाराला समजले. केंद्राचे दार सर्वांसाठी उघडले ते पुढच्या वर्षी, १५ फेब्रुवारी २०२१ रोजी, सरकार बदलल्यानंतर.

राज्याचा हातही निर्मळ नसतो

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, मग प्रश्न मिटला. केंद्राकडून काढून राज्याकडे द्या. परंतु इतक्या सोप्या निष्कर्षाला आपण भुलता कामा नये. राज्य म्हटले की ते जनतेच्या जवळचे, म्हणून जनतेचे, असे होत नाही. अमेरिकेच्या दक्षिणेत ‘राज्यांचे हक्क’ हा शब्द गुलामगिरी टिकवण्यासाठी आणि नंतर वर्णभेदाचे कायदे टिकवण्यासाठीच वापरला गेला, हा इतिहास आहे.

केंटकीचेच पाहा. २०१५ च्या निवडणुकीत मॅट बेव्हिन गव्हर्नर झाले. चांगले चाललेले ‘कायनेक्ट’ बंद करून त्यांनी राज्यातील लोकांना केंद्राच्या पोर्टलवर पाठवले. चार वर्षांनी त्यांचा पराभव झाला. जुन्या बेशियरांचे चिरंजीव अँडी बेशियर निवडून आले आणि २०२१ साली ‘कायनेक्ट’ परत आले. एका राज्यातील गरीब माणसाला आठ वर्षांत राज्याचे पोर्टल, केंद्राचे पोर्टल, पुन्हा राज्याचे पोर्टल अशी वारी करावी लागली. त्याचा आजार मात्र तोच होता.

जॉर्जियाची कथा याहून बोलकी आहे. या राज्यात लोकसंख्येचा सुमारे एक तृतीयांश भाग कृष्णवर्णीयांचा आहे. गव्हर्नर ब्रायन केम्प यांच्या सरकारला प्रथम सरकारी पोर्टलच नको होते. केंद्राच्या पोर्टलवरून बाहेर पडायचे आणि त्या जागी काहीही न उभारता लोकांना खासगी दलाल आणि कंपन्यांच्या हवाली करायचे, असा त्यांचा प्रस्ताव होता. ट्रम्प सरकारने २०२० साली त्याला मंजुरी दिली. बायडेन सरकारने २०२२ साली ती स्थगित केली. मग २०२३ साली राज्याने कायदा करून स्वतःचा बाजार चालवण्याचा मार्ग धरला आणि १ नोव्हेंबर २०२४ पासून ‘जॉर्जिया ॲक्सेस’ सुरू झाले. तेथेही खासगी वेब-ब्रोकर, विमा कंपन्या आणि एजंट यांना मोठे स्थान आहे. दलाल कमिशनवर जगतो. ज्या गरिबाला मेडिकेड मिळू शकते, त्याला तिकडे पाठवण्यात दलालाला काय मिळणार? तेव्हा त्याने ते सांगावे, ही अपेक्षा भोळेपणाची ठरते.

आणि मुळात जॉर्जियाने मेडिकेडचा विस्तारच पूर्ण केलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली हा विस्तार राज्यांच्या मर्जीवर सोडला, त्याचा हा परिणाम. अशा राज्यांत एक विचित्र खड्डा तयार झाला आहे. दारिद्र्यरेषेच्या वर असाल तर बाजारात अनुदान मिळते. दारिद्र्यरेषेच्या खाली असाल तर अनुदान नाही आणि मेडिकेडही नाही! म्हणजे अनुदान मिळण्याइतपत तुम्ही श्रीमंत नाही. या खड्ड्यात कृष्णवर्णीयांची संख्या लोकसंख्येच्या मानाने जास्त आहे. जॉर्जियाने जुलै २०२३ मध्ये काम केल्याचा पुरावा देणाऱ्यांसाठी वेगळी योजना काढली. पंचवीस हजारांहून अधिक लोक येतील असे सांगितले, पहिल्या वर्षात पाच हजारही आले नाहीत. पोर्टल कितीही नवे असो, खड्ड्यातल्या माणसासाठी त्यावर बटणच नाही.

‘स्वतःचे’ म्हणजे नेमके कोणाचे?

आणखी एक गोष्ट तपासली पाहिजे. राज्ये ज्याला स्वतःचे पोर्टल म्हणतात, ते बहुधा राज्याने घडवलेले नसते. नेवाडा, पेनसिल्व्हेनिया, न्यू जर्सी, जॉर्जिया या सगळ्यांनी ‘गेटइन्शुअर्ड’ या एकाच खासगी कंपनीची यंत्रणा घेतली. २०१४ च्या फजितीनंतर आधीच चालत असलेली यंत्रणा घेणे शहाणपणाचे होते, हे मान्य. परंतु नाव राज्याचे आणि यंत्र कंपनीचे असेल, तर उद्या कंत्राट संपल्यावर लोकांच्या नोंदी कोणाच्या ताब्यात, बदल करायचा तर दर कोण ठरवणार, हे कंत्राटातच लिहून घ्यावे लागते. शिवाय पोर्टल स्वतःचे झाले तरी उत्पन्न आणि नागरिकत्व यांची पडताळणी केंद्राच्याच माहिती-केंद्रामार्फत होते. केंद्र पूर्णपणे सुटत नाही.

माहितीचा प्रश्न तर फारच गंभीर आहे. विम्याच्या अर्जात माणूस आपले सगळे उघडे करतो. कॅलिफोर्निया हे या कामातले पुढारलेले राज्य. तरी त्याच्या पोर्टलवरून लोकांनी भरलेली माहिती लिंक्डइन कंपनीकडे जात होती, हे एप्रिल २०२५ मध्ये पत्रकारांनी उघडकीस आणले. कोण गरोदर आहे, कोण अंध आहे, कोणाला घरात मारहाण होते, असले तपशील त्यात होते. जाहिरात मोजण्यासाठी बसवलेल्या यंत्राने हे केले. कुणाचा वाईट हेतू नसेलही. पण घरातले दुःख बाजारात गेले ते गेलेच.

याच्या उलट बाजूही नोंदवली पाहिजे. २०२४ साली केंद्राच्या पोर्टलवर दलालांनी लोकांच्या नकळत त्यांच्या योजना बदलल्या, कमिशन खाल्ले. तक्रारी लाखोंच्या घरात गेल्या. ज्या राज्यांच्या स्वतःच्या पोर्टलवर ग्राहकाच्या परवानगीशिवाय एजंटला नोंदीला हात लावता येत नव्हता, तेथे हा प्रकार फारच कमी झाला. म्हणजे एक साधा नियम यंत्रात घातला की गरीब वाचतो. तो घालायचा की नाही, हे अभियंता ठरवत नाही. त्याला काम सांगणारा ठरवतो.

गळतो तो कोण?

हलवाहलवीच्या वेळी सगळ्यांच्या नोंदी जुन्या यंत्रातून नव्या यंत्रात जातात. कागदावर हे सोपे दिसते. पण नव्या पोर्टलवर माणसाला आपले खाते पुन्हा ताब्यात घ्यावे लागते. पत्र जुन्या पत्त्यावर जाते. ईमेल मुलाने काढून दिलेला असतो, तो मुलगा दुसऱ्या शहरात. इंग्रजी वाचता येत नाही. बँकेतून आपोआप कापला जाणारा हप्ता नव्याने जोडायचा राहतो. हप्ता चुकतो, विमा बंद होतो आणि ते कळते कधी? औषधाच्या दुकानात, पैसे मागितल्यावर. सुशिक्षित, पगारदार माणूस एक फोन करून हे निस्तरतो. दोन पाळ्यांत काम करणारी बाई फोनवर तासभर थांबू शकत नाही. यंत्रासाठी हे दोघे सारखेच असतात. आयुष्यात ते सारखे नसतात. सारखा नियम लावला म्हणजे समता झाली, हा भ्रम आपल्या परिचयाचा आहे.

म्हणून पोर्टल हलवताना सर्वाधिक खर्च यंत्रावर नव्हे, तर माणसांवर झाला पाहिजे. वस्तीत जाणारा नॅव्हिगेटर, लोकांच्या भाषेत बोलणारे कॉल सेंटर, चर्चमध्ये आणि वाचनालयात मांडलेले टेबल, याची सोय आधी. उद्घाटनाची फीत नंतर.

पोर्टलची मर्यादाही ओळखली पाहिजे. २०२१ साली वाढवलेले केंद्राचे जादा अनुदान ३१ डिसेंबर २०२५ रोजी संपले. त्यामुळे अनुदान घेणाऱ्यांना भरावा लागणारा हप्ता सरासरीने दुपटीहून अधिक होईल, असा केएफएफ या अभ्यास संस्थेचा अंदाज होता. हा खड्डा कोणत्याही राज्याचे संगणक भरून काढू शकत नाहीत. त्याला पैसा लागतो. न्यू मेक्सिकोने ऑक्टोबर २०२५ मध्ये विधिमंडळाचे खास अधिवेशन घेऊन राज्याच्या तिजोरीतून एक कोटी त्र्याहत्तर लाख डॉलर मंजूर केले. पोर्टल स्वतःचे असल्याने ती मदत लोकांच्या हप्त्यात थेट वळती करणे त्याला सोयीचे होते. इच्छा, पैसा आणि यंत्र तिन्ही एकत्र आले तरच गरिबाच्या पदरात काही पडते.

आपल्याकडेही वेगळे नाही. महाराष्ट्रात २ जुलै २०१२ रोजी सुरू झालेली जीवनदायी योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते आणि केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडली गेली आहे. त्या आयुष्मान भारतच्या नोंदींत सुमारे साडेसात लाख लाभार्थी ९९९९९९९९९९ या एकाच मोबाईल क्रमांकाशी जोडलेले असल्याचे महालेखापालांच्या २०२३ सालच्या अहवालात आढळले. यंत्रात नाव आहे, पण निरोप कोणालाच पोहोचणार नाही!

तेव्हा सरकार जेव्हा नव्या पोर्टलची घोषणा करील, मग ते अमेरिकेत असो वा मुंबईत, तेव्हा टाळ्या वाजवण्याआधी काही प्रश्न विचारले पाहिजेत. जुन्या यादीतली किती माणसे नव्या यादीत पोहोचली? जी पोहोचली नाहीत, त्यांना शोधायला कोण जाणार? त्यांची माहिती कोणाच्या हाती? दार किती दिवस उघडे राहणार? आणि सरकार बदलले तर ते बंद करण्यापासून कोण रोखणार? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही संगणकात नाही. केंटकीत ‘कायनेक्ट’ परत आले ते यंत्राच्या बळावर नव्हे, मतपेटीच्या बळावर. ही गोष्ट त्यांनी ओळखली. आपणही ती ओळखली पाहिजे आणि आपल्या वस्तीत कोणाचे कार्ड बंद पडले आहे, हे विचारण्यापासून सुरुवात केली पाहिजे.